पाण्याचे तीन गोल

समोर एक कागद आहे.

वहीचा नाही. कुठल्यातरी छापील कागदाची मागची, कोरी बाजू. तळहातापेक्षा जरासा मोठा. कडा कात्रीने कापलेल्या, पण सरळ नाहीत. कात्री धरणारा हात अजून शिकतो आहे.

कागदावर तीन ओळी आहेत. वाचायची घाई करू नका. लगेच वाचता येणारही नाहीत.

नुसतं पाहा.

पहिल्या ओळीत दोन अक्षरं. दुसऱ्या ओळीत तीन गोल. तिसऱ्या ओळीत अक्षर नाहीच, एक केळं आहे. पिवळा खडू हाताशी नसावा, म्हणून ते जांभळं आहे.

आपण मधल्या ओळीपाशी थांबू. त्या तीन गोलांपाशी.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

पहिला गोल मोठा आहे. जिथून सुरुवात झाली तिथे मेणाचा खडू जोरात दाबलेला दिसतो. रेघ फिरून परत आली, पण दोन टोकं नीट भेटली नाहीत. एक टोक थोडं बाहेरच राहिलं.

दुसरा गोल लहान. याची टोकं जुळली आहेत.

तिसऱ्याच्या वेळी कागद संपत आला होता. म्हणून तो उभट झाला, अंग चोरून बसल्यासारखा.

बोट उचला आणि हवेत एक गोल काढा. हळू. सुरुवात करा, फिरा, परत या. आपण इतक्या सावकाश एखादं अक्षर शेवटचं कधी काढलं होतं, ते आठवत नाही. आठवायची गरजही नाही.

पुन्हा एकदा. फिरा. परत या.

आता नजर कागदावरून वर घ्या.

खिडकीबाहेर बर्फ आहे. जानेवारीचं मॉन्ट्रियल. सकाळ झाली आहे, पण उजेड अजून पुरता आलेला नाही. खोली उबदार आहे. हीटर मधूनच टकटक करतो, मग गप्प होतो.

ही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या एका सरकारी फ्रेंच शाळेची मातेर्नेल आहे. आपण बालवर्ग म्हणू. ३० सप्टेंबरपर्यंत ज्यांना पाच वर्षं पूर्ण झाली, ती मुलं इथे येतात. १९९७पर्यंत पाच वर्षांच्या मुलांचा हा वर्ग अर्ध्याच दिवसाचा असायचा. त्या वर्षापासून पूर्ण दिवसाचा झाला. सक्तीची शाळा सुरू होते ती सहाव्या वर्षी, आणि रीतसर वाचायला शिकवणं पहिलीत.

म्हणजे या खोलीत अजून कुणाला वाचता यायलाच हवं असं नाही.

हे मनात जरा राहू द्या. कुणाला वाचता यायलाच हवं असं नाही. खांदे थोडे सैल होतात का पाहा.

दाराजवळ खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक खुंटीवर बर्फाचा जाड, अंगभर सूट. खाली बूट, बुटांखाली वितळलेल्या बर्फाची थारोळी. ओल्या लोकरीचा वास. कुठेतरी संत्रं सोललं आहे, त्याचाही.

खुंटीच्या वर एक पट्टी. पट्टीवर नाव.

मूल रोज सकाळी या पट्टीखाली उभं राहतं. टोपी काढतं, हातमोजे काढतं, सूटची चेन ओढतं, ती अडकते, पुन्हा ओढतं. (पंधरा-वीस मुलांचे सूट चढवणं आणि उतरवणं हा इथल्या हिवाळ्यातला एक स्वतंत्र विषयच आहे. वेळापत्रकात त्याला नाव नाही, इतकंच.) या सगळ्या वेळात डोळ्यांसमोर आपलं नाव असतं. कुणी वाच म्हणत नाही. पण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत ते नाव हळूहळू चेहऱ्याइतकं ओळखीचं होतं.

आधी फक्त पहिलं अक्षर. हे माझं अक्षर.

मग शेजारच्याचं. ते तुझं अक्षर.

मग एक दिवस कुणीतरी टोमॅटोच्या डब्यावर बोट ठेवून ओरडतं, की माझं अक्षर यांनी घेतलंय.

आपण खाली बसू. जमिनीवर, गालिच्यावर. इथे सगळे खालीच बसतात.

नेहमीच असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लहान मुलांना सांभाळायच्या ज्या शाळा होत्या, त्यांत मुलं पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर ओळीने बसत आणि सगळ्यांनी एकदम म्हणायचं ते म्हणत. १८८१ साली या शाळांना ‘एकोल मातेर्नेल’ हे नाव मिळालं. पोलीन केर्गोमार या बाई निरीक्षक म्हणून शाळा-शाळा फिरू लागल्या. त्या बाकांवर आणि त्या एकसुरी पाठांतरावर त्या टीका करत राहिल्या. लहान मुलानं खेळायचं असतं, हे शाळेला पटवून देण्यात त्यांची उमर गेली.

बाक गेले. गालिचा आला.

तळहात गालिच्यावर टेकवा. खरखरीत आहे. थोडी वाळू आहे, थोडे खडूचे कण.

या गालिच्यावर सकाळी बाई मुलांना गोलात बसवतात. मुलं त्यांना मादाम म्हणतात. बाई एक शब्द घेतात आणि सगळे मिळून त्याचे तुकडे टाळीवर मोजतात. शो. को. ला. तीन टाळ्या. पा. पी. यों. फुलपाखरू, तीन टाळ्या. त्यूक. लोकरीची टोपी, एकच टाळी.

एका टाळीवर कुणी ना कुणी चुकतंच. हात दुसऱ्यांदा वाजायला निघालेले असतात. ते हवेत थांबतात.

तो थांबलेला हात पाहा.

आवाज संपला, हे त्या हाताला कळलं. शब्द डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी तो असा कानाने मोजला जातो.

तुम्हीही करून पाहा. कुणी पाहत नाही. आपलं नाव घ्या. हळूच टाळीवर तोडा.

पुन्हा.

आता शांत बसा. दोन टाळ्यांच्या मधली जागा ऐका.

खोलीच्या एका कोपऱ्यात दुकान आहे. आपण लहानपणी दुकान-दुकान खेळायचो, तेच.

एक बुटकं फडताळ. त्यावर घरोघरून आणलेली रिकामी खोकी. दुधाचं खोकं, शेवयांचं खोकं, पाण्याची बाटली, मेपलच्या पाकाचा रिकामा पत्र्याचा डबा. कॅनडात डब्यांवर दोन भाषा असतात. एकीकडे फ्रेंच, एकीकडे इंग्रजी. बाईंनी बहुतेक खोकी फ्रेंच बाजू पुढे करून लावली होती. मुलांनी ती केव्हाच उलटीपालटी केली आहेत.

एक जुना टेलिफोन. त्याला वायर नाही.

एक कॅल्क्युलेटर. त्याचा पडदा बंद आहे.

पेल्यात खडू आणि पेन्सिली. शेजारी कापलेल्या कागदांची चळत.

या चळतीकडे लक्ष द्या. कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही, ‘लिहा’ अशी पाटी नाही. बाईंनी ती फक्त तिथे ठेवली आहे, फोनजवळ, हाताला लागेल अशी. वर्गातलं बरंचसं शिकवणं असं ठेवून देण्यात असतं. ते दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही फारसं होत नाही.

दुधाचं खोकं हातात घ्या.

हलकं आहे. हलवा. आत काही नाही.

आता ते कुणाला तरी द्या आणि म्हणा, हे घ्या दूध.

समोरचं मूल ते दोन्ही हातांनी घेतं. जड असल्यासारखं. वाकून, सांभाळून, सांडू नये म्हणून.

थांबा. हे पुन्हा पाहा.

खोकं रिकामं आहे हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे. आणि त्यात दूध आहे हेही तितकंच पक्कं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, भांडण न होता, त्याच्या हातात आहेत.

इथे नसलेली वस्तू, तिच्या जागी इथे असलेली दुसरी वस्तू. खेळात हे सारखं चालू असतं. काठीचा घोडा होतो, चौकोनी ठोकळ्याचा साबण. लेव्ह व्हिगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ लिखित भाषेचा माग काढत मागे मागे गेला, तो थेट इथे पोचला: लहान मुलाच्या हातवाऱ्यांपाशी, चित्रांपाशी, अशा खेळांपाशी. ज्याला रिकाम्या खोक्यात दूध धरता येतं, त्याला कधीतरी कागदावरच्या रेघेतही दूध धरता येतं.

खोकं परत फडताळावर ठेवा. अलगद. भरलेलं आहे.

आता ती येते आहे. यादीवाली मुलगी.

तिचं नाव आपल्याला नको. ती पाच वर्षांची आहे, तिच्या एका पायात मोजा नाही, आणि तिला आज स्वयंपाक करायचा आहे. शेजारच्या कोपऱ्यात बाहुली भुकेली बसली आहे. घरात काही नाही. बाजारात जायला हवं.

ती दुकानाकडे निघते. मग थांबते.

काय काय आणायचं? तिची आई काय करते? आई फ्रिजवर कागद लावते.

ती चळतीतला एक कागद घेते.

तिच्या शेजारी बसा, पण फार जवळ नको. तिचा श्वास ऐकू येईल इतकं.

आधी दूध. फ्रेंचमध्ये ‘ले’. ती स्वतःशी म्हणते. ल्... ल्... ले. जीभ दातांमागे टेकलेली तिला जाणवते. ती एल काढते. उभी रेघ, आडवी रेघ.

मग ए. ए तिला येतो, तो तिच्या नावातच आहे. ई हे अक्षर, त्याच्यावर एक तिरकी छोटी रेघ. ती रेघ ती फार प्रेमाने देते. जरुरीपेक्षा लांब.

झालं दूध.

मोठ्यांच्या लिपीत हे दूध चार अक्षरी आहे. एल, ए, आय, टी. मधली दोन मिळून एकच आवाज होतो आणि शेवटचा टी बोलतच नाही. फ्रेंचमध्ये अशी गप्प बसणारी अक्षरं खूप. रोमन लिपीची अक्षरं २६, बोलण्यातले आवाज त्यांहून जास्त, आणि एकेका आवाजाला लिहायच्या कितीतरी रीती. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला दोन आवाज ऐकू आले, तिने दोन अक्षरं लिहिली. ऐकण्यात काही उणं राहिलेलं नाही.

आता पाणी.

फ्रेंचमध्ये पाण्याला ‘ओ’ म्हणतात. एवढंच. एक आवाज.

म्हणून पाहा. ओ.

ओठांकडे लक्ष द्या. ते गोल होतात आणि पुढे येतात. आवाज त्या गोलातून बाहेर पडतो.

ओ.

सावकाश, श्वास पुरेल तितका वेळ. ओ.

तीही म्हणते आहे. कागदावर खडू टेकलेला, तोंड गोल. हात कुठे जाणार याचा अंदाज तुम्हाला आला असेल. अक्षर तिला येतं. ते तिच्या तोंडासारखंच आहे.

खडू फिरतो. परत येतो. एक गोल.

ती खडू उचलते. पाहते.

आणि इथे काहीतरी अडतं.

तिच्या कपाळाकडे पाहा. बारीकशी आठी. ती गोलाकडे पाहते, मग वरच्या ओळीतल्या दोन अक्षरांकडे. पुन्हा गोलाकडे. तिला काहीतरी कमी वाटतं. एकट्या गोलाला कुणी शब्द म्हणेल का?

तिच्या या शंकेपाशी आपण थांबू. ती फार मोलाची आहे.

अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेइरो जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याकडे शिकल्या, पुढे मेक्सिकोत राहिल्या. १९७९ साली आना तेबेरोस्की यांच्याबरोबरचं त्यांचं पुस्तक निघालं. शाळेने वाचायला शिकवण्याआधी मुलांच्या मनात लिपीविषयी काय चाललेलं असतं, याचा त्यांनी धीराने शोध घेतला. मुलांना अक्षरांचे कागद दाखवले आणि विचारलं, यातलं काय वाचता येण्यासारखं आहे, काय नाही? बऱ्याच मुलांनी एकच अक्षर असलेला कागद बाजूला ठेवला. एवढंसं कसं वाचणार? निदान तीन तरी हवीत. काहींना असंही वाटायचं, की मोठ्या प्राण्याचं नाव मोठं असणार, अक्षरं जास्त लागणार.

हे कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच पाहून, जुळवून, नियम बांधला होता.

आपली मुलगीही आत्ता नियमच बांधते आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती खडू चावताना दिसेल.

तिला वेळ द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

ती खडू पुन्हा टेकवते. दुसरा गोल. मग तिसरा, कडेला, जागा नसताना.

आता तिला बरं वाटतं. आता हा शब्द झाला. ती तिन्हींवरून बोट फिरवत एकदाच, लांबलचक म्हणते: ओऽऽऽ.

बाई मागे उभ्या आहेत. तुमच्या लक्षात आल्या नसतील. त्या बऱ्याच वेळापासून तिथे आहेत.

त्यांच्या हाताकडे पाहा.

त्यांच्या झग्याच्या खिशात पेन आहे. पाणी कसं लिहितात हे त्यांना ठाऊक आहेच. ई, ए आणि यू. या तीन अक्षरांत ओ नावालाही नाही, तरी तिन्ही मिळून ओ म्हणायचं. खिशातून पेन काढायला आणि गोलांशेजारी नीटनेटकं लिहून द्यायला क्षणभर पुरेल.

हात खिशाजवळ जातो. तिथेच राहतो.

आता स्वतःच्या हाताकडे या.

तुम्हालाही सांगावंसं वाटतं आहे ना? असं नाही गं, असं. वाटू द्या. ते वाटणं आपल्यापैकी अनेकांमध्ये फार आत बसलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवून आपण अ गिरवून घेतला आहे, आणि आपल्या मुठीवरही कुणाची तरी मूठ होती. ती मूठ प्रेमाचीच होती. पण तिच्याखाली स्वतःच्या बोटांना काही करून बघायची जागा नव्हती, हेही खरं.

हात सैल सोडा. मांडीवर ठेवा. बोटं उघडी.

या वर्गाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी या सैल सोडण्याला एक रीत दिली आहे. मॉन्ट्रियलच्या इझाबेल मोन्तेसिनोस-जले आणि शेरब्रुकच्या मारी-फ्रान्स मोरँ यांनी २००६ साली एक पुस्तकच लिहिलं, मुलांच्या अशा अदमासाने केलेल्या लेखनाला बालवर्गात कसं जोपासायचं यावर. मुलाला लिहू द्यायचं, कसं ठरवलंस ते विचारायचं, बाकीच्यांनी काय लिहिलं ते शेजारी ठेवून सगळ्यांनी मिळून बोलायचं. छापील रूप लपवायचं नाही, पण आपल्या घाईने ते आधी पुढे करायचंही नाही. २०२१च्या क्वेबेकच्या बालशिक्षण अभ्यासक्रमातही खेळाची जागा मध्यभागी आहे.

कागदावर हे सगळं सोपं दिसतं. खिशाजवळचा हात रोज, दिवसातून कितीदा तरी, तसाच ठेवावा लागतो.

बाई खाली बसतात. गुडघे कुरकुरतात.

‘मला वाचून दाखवशील?’ त्या विचारतात.

‘दूध. पाणी. केळं.’

‘आणि पाण्याचे तीन का?’

ती बाईंकडे पाहते. इतकं साधं कसं कळत नाही! ‘एकाने वाचता येत नाही,’ ती म्हणते.

बाई मान हलवतात. मग फडताळावरची पाण्याची बाटली काढून तिच्यासमोर ठेवतात. काही बोलत नाहीत.

मुलगी बाटलीवरचा कागद पाहते. तिचं बोट पहिल्या शब्दावर येतं. एक, दोन, तीन.

‘तीन!’ ती जवळजवळ ओरडते. ‘मादाम, तीनच!’

या आनंदात तिच्याबरोबर थोडं बसा. तो खरा आहे. मुळात सगळं चुकून, काही भलत्याच कारणाने का होईना, गोलांची संख्या बरोबर आली आहे.

मग तिचं बोट परत त्या तीन अक्षरांवरून जातं. ती गोल शोधते आहे. गोल नाही.

ती बाईंकडे पाहत नाही. बाटलीकडेच पाहत राहते.

या वेळी कुणी काही समजावत नाही. प्रश्न तिच्याकडे राहतो. पहिलीत नेईल ती तो आपल्याबरोबर.

खोली ऐका.

ठोकळे कोसळतात. कुणीतरी हसतं. कुणी गाण्यातला एकच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणतं. हीटर टकटकतो.

भाषाही ऐका. दोन मुलं ठोकळे रचताना मध्येच अरबीत बोलून जातात. बाहुलीला कुणी स्पॅनिशमध्ये झोपवतं, कुणी हैतीच्या क्रेओलमध्ये. १९७७च्या फ्रेंच भाषेच्या सनदेनंतर क्वेबेकमध्ये येऊन स्थायिक झालेल्या बहुतेक घरांची मुलं फ्रेंच शाळेत येतात. त्यामुळे या गालिच्यावर फ्रेंच ही पुष्कळांची घरची भाषा नाही. एखाद्या मराठी घरातलं मूलही इथे असतं. सकाळी डब्यात पोळीचा रोल घेऊन आलेलं, आईने ‘पाणी पी हं’ सांगून सोडलेलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याची आजी विचारते, ‘काय शिकवलं रे शाळेत?’

‘दुकान-दुकान.’

आजी फोनवरून सुनेकडे पाहते. सून हसते. आजी पुढचं विचारत नाही, पण तिच्या मनात काय आलं ते दोघींनाही कळतं. आजीची काळजी खोटी नाही. ती ज्या जगात मुलं वाढवून बसली, तिथे पाटी भरलेली दिसली की पोरगं शिकतंय असं समजायचं.

आजीला हा कागद दाखवता आला असता तर बरं झालं असतं. समजावायला नको. नुसता हातात द्यायचा. चष्मा लावून तिने पाहिला असता.

यादीवरून त्या मुलीच्या घरची भाषा मात्र कळत नाही. गोल काढणारं कुठलंही मूल असू शकतं.

पुन्हा त्या गोलांकडे या. आता ते ओळखीचे झाले आहेत का?

पहिला. न भेटलेली टोकं. इथे तिला आवाज सापडला.

मग थोडी कोरी जागा. इथे तिला शंका आली. ही जागा आपण मघाशी पाहिलीच नव्हती. पाहा, दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलातल्या जागेपेक्षा ती जरा जास्त आहे.

या कोऱ्या जागेवर नजर ठेवा. इथे काही लिहिलेलं नाही. इथे ती विचार करत होती.

श्वास आत. श्वास बाहेर.

मग दुसरा. मग तिसरा.

तोंड गोल करा. आवाज न काढता. फक्त श्वास त्यातून जाऊ द्या.

राहा असेच, हवा तितका वेळ.

आता ती उठली आहे. यादी मुठीत धरून दुकानाकडे चालली आहे. आपणही मागून जाऊ.

दुकानदार एक मुलगा आहे. वायर नसलेल्या फोनवर त्याचं महत्त्वाचं बोलणं चाललं आहे. तो हाताने तिला थांबायची खूण करतो. ती थांबते. गिऱ्हाइकाला थांबावंच लागतं.

फोन संपतो. ती यादी पुढे करते.

तो कागद उलटा धरतो. मग सुलटा. पहिल्या ओळीवर बोट ठेवतो. एल त्याला येतो. ‘ल्...’ तो म्हणतो. तिच्या तोंडाकडे पाहतो. ती ओठ घट्ट मिटून घेते, सांगणार नाही.

‘ल्... ले!’ दुधाचं खोकं येतं.

तीन गोलांवर तो अडखळत नाही. तोंड आपोआप गोल होतं. ‘ओ ओ ओ. तीन बाटल्या?’

‘एकच,’ ती म्हणते.

‘पण तीन लिहिलंय.’

आता ती काय करेल, हे बाईंनाही ठाऊक नाही. त्या दुरून पाहताहेत. ती कागद परत ओढून घेते, गोलांकडे पाहते, दुकानदाराकडे पाहते. फडताळावर बाटली एकच आहे.

‘बरं, तीन दे,’ ती म्हणते. ‘एक आत्ता दे, दोन उद्या.’

दुकानदार विचार करतो. उद्या म्हणजे लक्षात ठेवायला हवं. तो चळतीतून स्वतःसाठी एक कागद उचलतो.

इतक्यात आवरायची घंटी वाजते. बाहेर जायचंय, सूट चढवायचेत, खुंट्यांकडे गर्दी होते, कुणाचा तरी डावा बूट हरवला आहे. मागचे दोघे फडताळावरची खोकी टोपलीत भरायला लागतात, तशी दुकानदाराची घालमेल होते. त्याची दुकान बंद करायची तयारी नाही. उद्याचं गिऱ्हाईक ठरलंय.

‘मादाम!’ तो ओरडतो. ‘हात लावू नका, कसं लिहायचं?’

‘तुला आधी काय ऐकू येतं?’ कुणाची तरी चेन ओढता ओढता बाई विचारतात.

‘त्... तूश पा. त्!’ फ्रेंचमध्ये ‘हात लावू नका’ म्हणजे ‘तूश पा’.

‘मग?’

हातातल्या कागदाकडे तो बघतो. हा फारच लहान आहे. तो मोठा कागद मागतो, आणि चिकटपट्टी.